मागे न सरणारी जहाजं

बारा वाजायला दहा मिनिटं कमी असताना पुण्याहून आलेल्या मॅडमनी माउसवरचा हात उचलला आणि विचारलं, "आता हे मागे कसं घ्यायचं?"

मी आणि माझा मित्र एकमेकांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. आठ महिने आम्ही दोघं एका कॉम्प्युटर गेमसाठी दोन हजार वर्षांपूर्वीची आरमारी लढाई रचत होतो. वल्ही मोजली होती, वल्हेकऱ्यांचा दम किती वेळ टिकतो ते ठरवलं होतं, जहाज किती जागेत वळतं याचे तक्ते केले होते. जहाजाला मागेही जाता आलं पाहिजे, ही गोष्ट मात्र दोघांच्याही डोक्यात एकदाही आली नव्हती. खरंच एकदाही नाही. आज हे लिहितानाही माझे कान गरम होतात.

आम्ही दोघंही वर्धा जिल्ह्याबाहेर फारसं न गेलेले. समुद्र दोघांनीही पाहिला नव्हता. माझ्या वडिलांचं वर्ध्यात कापडाचं दुकान, मित्र अल्लीपूरचा, घरी शेती. कॉलेजात एकाच बाकावर बसलो आणि कॉम्प्युटरच्या नादाला एकत्रच लागलो. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. नालवाडीत एक खोली भाड्यानं घेतली होती. त्यात एक जुळवलेला कॉम्प्युटर, एक सतरंजी आणि दोन सायकली. मी नियम रचायचो, तो प्रोग्राम लिहायचा. त्याचा हात कीबोर्डवर असा चालायचा की बघत राहावं. माझा हात कागदावर चालायचा आणि तोंड सगळीकडे.

पुण्याची एक छोटी कंपनी प्राचीन राज्यांच्या लढायांचा गेम करत होती. त्यांच्या जमिनीवरच्या लढाया तयार होत्या, पाण्यावरच्या जमत नव्हत्या. आम्ही सायबर कॅफेतून धिटाईनं एक छोटा नमुना पाठवला. गेमची रचना बघणाऱ्या मॅडमचं उत्तर आलं, की पूर्ण लढाई करून दाखवा. त्यांनी लिहिलं होतं, मी नागपूरला कामासाठी येणार आहे, माझी मावशी वर्ध्याला असते, तेव्हा एक दिवस येऊन स्वतः खेळून बघेन. शेवटची ओळ अशी होती, की माणूस एकच घेता येईल, कोण ते नमुना बघून ठरवू.

कॅफेतून छापून आणलेली ही ओळ पुन्हा वाचली तेव्हा आम्ही बस स्टँडसमोर तर्री पोहे खात होतो. मित्राला त्याच्या वडिलांनी दसऱ्यापर्यंतची मुदत दिली होती. थोरला भाऊ नोकरीवर गेल्यापासून शेतात माणूस कमी पडत होता. दसऱ्यापर्यंत काही झालं नाही तर कॉम्प्युटर विसरायचा आणि घरी यायचं, असं ठरलं होतं. माझं असं काही नव्हतं. माझं फार तर काय झालं असतं, दुकानाच्या गादीवर बसलो असतो.

"जागा एकच असन तं थे तुही," मी त्याला म्हणालो. "मले दुकान हाये."

"आधी जहाज तं चालू दे लेका," तो म्हणाला आणि तर्री मागून घेतली.

मी ते मनापासून म्हणालो होतो. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर कोणाला तसं वाटणार नाही.

जहाज वळतं कसं हे आम्हाला कोणी सांगणार नव्हतं. पुस्तकात एवढंच सापडलं, की त्या काळच्या लढाऊ जहाजांच्या नाकावर धातूची टोकदार चोच असायची आणि वल्हेकरी जोर लावून ती शत्रूच्या कुशीत घुसवायचे. वळताना एका बाजूची वल्ही थांबवायची, दुसऱ्या बाजूची ओढायची. हे वाचून मित्र म्हणाला, हे तर आपल्या बंडीसारखंच झालं. डावा बैल धरायचा, उजवा चालवायचा.

मग आम्ही अल्लीपूरला गेलो. त्यांच्या वावराच्या कडेला पडीत जागा होती, तिथे बंडी जुंपली. तो बैल हाकायचा, मी दोरी आणि खुंट्या घेऊन चाकोरी मोजायचो. चालीनं वळली तर किती जागा लागते, पळवून वळवली तर किती. त्याचे वडील बांधावर येऊन उभे राहिले.

"काय मोजून राह्यले बे तुमी?"

"जहाज, बाबा," मित्र म्हणाला.

त्यांनी बैलांकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं. "मंग पाणी कुठी हाये?" असं विचारून ते निघून गेले.

आम्हाला त्याचं हसू आलं. पण ते आकडे खरोखरच कामाला आले. बंडीची चाकोरी छोटी करून कॉम्प्युटरवर घातली आणि आमची जहाजं अशी डौलात वळायला लागली की आम्ही स्वतःवरच खूश झालो. पुढे आम्ही सगळंच बंडीवरून घेतलं. बैल किती वेळ पळतो आणि कधी तोंडाला फेस येतो, त्यावरून वल्हेकऱ्यांचा दम. भरलेली बंडी आणि रिकामी बंडी, त्यावरून जहाजाचं वजन. जहाज खडकाला जाऊन टेकलं तर तिथेच राहायचं, आणि आम्ही म्हणायचो, ही त्या कप्तानाची चूक. समोरच्या जहाजाला टक्कर मारली की तीन चालींनी ते बुडायचं, तोवर आपलं जहाज जागेवर उभं. समोरची वाट मोकळी झाली की पुढे निघायचं. आम्हाला यात काहीही वावगं वाटलं नाही, कारण आम्ही मोजलेली बंडी वावरात अशीच पुढे पुढे चालत होती.

मॅडम सकाळी सव्वाअकराला ऑटोनं आल्या. चाळिशीच्या, सुती साडी, पायात साध्या चपला. सतरंजीवर मांडी घालून बसल्या आणि अर्धा तास सलग खेळल्या. वळणं त्यांना आवडली. दोन वेळा "वा" म्हणाल्या. मग त्यांनी शत्रूच्या जहाजाला कुशीत टक्कर मारली, मागच्या रिकाम्या पाण्यावर क्लिक केलं, पुन्हा केलं, आणि तो प्रश्न विचारला.

मित्रच आधी बोलला. "मांगं काऊन जाईन थे?"

तो चेष्टा करत नव्हता. जहाज मागे कशाला जाईल, हे त्याला खरंच कळलं नव्हतं. मलाही नाही.

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी रत्नागिरीची आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे शेंबड्या पोरालाही होडी मागे घेता येते. तुम्ही त्याच्या कुशीत घुसलात. आता त्याच्यात पाणी भरणार. तुम्ही बाहेर निघाला नाहीत, तर तो तुम्हाला घेऊन बुडणार. घुसायचं कसं यापेक्षा निघायचं कसं, हीच तर या लढाईतली खरी मेख. तुम्ही ती ठेवलीच नाही?"

आठ महिन्यांचे तक्ते माझ्या मांडीवर होते आणि त्यातल्या एकाही रकान्यात मागे नावाची दिशा नव्हती. मी ते उलटसुलट चाळत बसलो, जणू कुठेतरी सापडेल. मित्रानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. दसऱ्याला सहा दिवस उरले होते.

मॅडम उठल्या. चिडल्या नव्हत्या, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "मी मावशीकडे जेवायला चाललेय. चारला परत येते, साडेपाचची गाडी आहे. काही जमलं तर दाखवा."

त्या दारातून बाहेर पडल्या, आणि आम्ही घाईघाईनं पहिला उपाय करून बघितला. तो म्हणजे मी सुचवलेला. वेग उणे करून टाक, मी म्हणालो. मित्रानं केला. जहाज टक्कर मारून सुसाट मागे आलं, पुन्हा गेलं, पुन्हा आलं. सुतार खिळा ठोकतो तसं ते एकटंच समोरचं अख्खं आरमार ठोकत सुटलं. कोणालाही हरवता येईल असा बावळट खेळ झाला. आम्ही ते बघत असतानाच बारा वाजले आणि लाइन गेली. त्या वर्षी आमच्याकडे बारा ते दोन भारनियमन असायचं. धक्क्यापायी हे दोघंही विसरलो होतो.

पंखा थांबला. मी भिंतीला टेकून बसलो आणि मोठ्यानं स्वतःला शिव्या घातल्या. मित्र उठला. उंबरठ्यावर जाऊन बसला आणि रस्त्याकडे बघत राहिला. मग तिथूनच, माझ्याकडे न बघता, तो बोलायला लागला.

"जिनिंगमधी बंडी कापसाच्या गंजीले मांगून लावा लागते. तू पाह्यलं?"

मी नाही म्हणालो, जिनिंगच्या कारखान्यात मी कधी गेलोच नव्हतो. आमच्या घरी कापड यायचं, कापूस नाही.

"तवा बंडी हाकणारा धुरकरी खाली उतरते. बैलाइच्या समोर उभा राह्यते, जुवाले दोनी हात लावते अन् बैलाइले मांगं रेटते. बैलाले मांगचं दिसत नाई. धुरकऱ्यालेबी दिसत नाई, थो बैलाच्या तोंडाशी. मांगून कोणीतरी सांगते, दाब, डाव्या अंगानं दाब. अन् थेवढ्यात बाजूची बंडी घुसून तुही जागा खाऊन टाकते."

"मंग?"

"मंग काय. मांगं जाता येते. पण मांगं जाताना माणूस आंधळा राह्यते. कोणीबी येऊन मारून जाईन."

मी कागद ओढला. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. मागे घ्यायचं तर आधी जहाज पूर्ण थांबलं पाहिजे. मग एक चाल वाया घालवायची, कारण वल्हेकऱ्यांना वल्ही उलटी धरावी लागतील. मागे सरताना सुकाणू उलटं लागेल. तेवढा वेळ दोन्ही कुशी उघड्या. मी फरशीवर खडूनं चौकोन आखले, काडेपेट्यांची जहाजं केली आणि आम्ही खेळून बघितलं. जमत होतं, पण अजून काहीतरी सपक होतं. मी म्हणालो, बस झालं, एवढं पुरे. तो काडेपेटी हातात घेऊन तसाच बसला.

"चिखलात बंडी फसते ना," तो म्हणाला. "काळ्या मातीत. लोकं काय करते, जोर लावून घालते. जेवढी जोरात घातली तेवढी खोल जाते. हळू घातली असती तं निघाली असती."

"हो. मंग?"

"मंग टक्करचं बी तसंच कर. जेवढी जोरात मारली तेवढं भोक मोठं. पण तेवढीच चोच आत फसन. निघाले तेवढ्या चाली लागतीन. किती जोरात मारायचं थे खेळणाऱ्यालेच ठरवू दे."

मी मोठा नियम रचणारा, आणि आठ महिन्यांत असं एक वाक्य मला सुचलं नव्हतं. जोरात मारलं तर शत्रू मरेल पण तुम्ही अडकाल. हळू मारलं तर निसटाल पण शत्रू वाचेल. एवढ्या एका गोष्टीनं अख्ख्या लढाईत जीव आला. आम्ही काडेपेट्यांवर खेळलो तेव्हा पहिल्याच डावात मी हावरटपणा करून अडकलो आणि त्यानं मला बाजूनं येऊन बुडवलं. त्या दिवसात तो पहिल्यांदा हसला.

दोनला लाइन आली. दोन ते चार त्यानं मान वर केली नाही. मी त्याच्या शेजारी बसून सगळे नियम कोऱ्या कागदांवर इंग्रजीत नीट लिहून काढले. माझं अक्षर चांगलं आहे आणि त्याला इंग्रजी लिहायचा कंटाळा होता. आमची वाटणी पहिल्यापासून अशीच होती.

चारला मॅडम आल्या. मी कागद त्यांच्या हातात दिले, त्यांनी वाचले आणि खेळायला बसल्या. तिसऱ्याच लढाईत त्यांनी आपलं सगळ्यात मोठं जहाज पूर्ण वेगानं शत्रूवर घातलं. शत्रू फुटला. त्यांचं जहाज अडकलं. बाहेर निघायला चार चाली लागणार होत्या, आणि दुसऱ्याच चालीला शत्रूचं एक छोटं जहाज येऊन त्यांच्या उघड्या कुशीत शिरलं. रत्नागिरीच्या बाईला वर्ध्याच्या खोलीत बुडवलं होतं.

"हे फार सुंदर आहे," त्या हळूच म्हणाल्या. मग कागद उचलला आणि त्या नियमावर बोट ठेवलं. "जितकं जोरात, तितकं अडकणार. हे कोणाला सुचलं?"

मित्र कॉम्प्युटरच्या बाजूला बसला होता, माझ्यापासून हातभर अंतरावर. तो काही बोलला नाही. माझ्याकडे बघत होता.

मी एक नाव घ्यायचं होतं, बस. तेवढ्याला एक क्षणही लागला नसता. तो क्षण मी आजवर हजार वेळा पुन्हा जगलोय, आणि प्रत्येक वेळी मला तीच गोष्ट हादरवते. मनात काही झगडा झाला, मोह झाला, असं काहीच घडलं नाही. मी नुसता गप्प राहिलो. गप्प राहणं एवढं सोपं असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"कागद तुमचा, म्हणजे तुम्हीच," मॅडम मला म्हणाल्या. मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

त्या मित्राकडे वळल्या. "तुमचं कामही छान आहे. पण प्रोग्राम लिहिणारे आमच्याकडे आहेत. असा विचार करणारं कोणी नाही." मग मला म्हणाल्या, "दिवाळीनंतर या."

"रूल त्याचेच राह्यते," मित्र म्हणाला. त्याचा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

मॅडमना स्टेशनवर सोडून आम्ही सायकली हातात धरून परत येत होतो. बजाज चौक मागे टाकला. शेवटी मलाच राहवलं नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसा मी त्याच्यावरच उखडलो.

"तू काऊन नाई बोलला बे? तुह्या तोंडात जीभ नोती?"

"मी पाहून राह्यलो होतो," तो म्हणाला, "तू काय म्हणतं थे."

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, कॉम्प्युटर तू नेशील का मी नेऊ. मी म्हणालो, तू ने. जणू मी त्याच्यावर मोठे उपकारच करत होतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानं तो सतरंजीत गुंडाळून अल्लीपूरच्या एसटीत चढवला.

मी पुण्याला गेलो. मॅडमच्या हाताखाली तीन वर्षं काम केलं. त्या नियमावर आमच्या गेमची सगळी समुद्री लढाई उभी राहिली आणि नवीन आलेल्या लोकांना तो समजावून सांगायचं काम माझ्याकडे असायचं. मी इतक्या वेळा समजावला, की मधूनमधून तो मलाच सुचला होता असं मला वाटायचं. हे कबूल करायला लाज वाटते, पण वाटायचं. मॅडमना खरं सांगायला रोजचा दिवस होता. एकाही दिवशी सांगितलं नाही.

गेम बाजारात आला तेव्हा मी एक सीडी अल्लीपूरला पोस्टानं पाठवली. सोबत चिठ्ठी ठेवली नाही, काय लिहायचं ते कळेना. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज ऐकून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. आता तो बोलणार, अशी माझी खात्री झाली होती, आणि बोलला असता तर मला बरंच वाटलं असतं.

"खेळलो," तो म्हणाला. "चांगलं झालं. पाणी तं खरंच पाण्यावानी दिसते." मग जरा थांबून म्हणाला, "एक गोष्ट पाह्यजो. किनाऱ्यापाशी मांगं घेतलं का जहाज कधी कधी जमिनीवर चढते. मांगं जाताना खाली जमीन हाये का नाई, थे पाहतच नाई वाटते. मी चार डाव करून पाह्यले. लोकं हासतीन."

मी पेन घेऊन सगळं लिहून घेतलं. कुठल्या नकाशावर, कुठल्या जहाजानं, किती चालींनी. त्यानं शेताचं काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. घरच्यांना नमस्कार सांग म्हणालो आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये मी मनाशी घोकत गेलो, की या वेळी त्याचं नाव घ्यायचं. यानिमित्तानं सगळंच सांगून टाकायचं, ती दुपार, ती गंजी, तो चिखल. वाक्यंसुद्धा तयार केली होती. मीटिंगमध्ये मी ती चूक दाखवली. प्रोग्रामवाल्यांनी तिथल्या तिथे करून बघितली. जहाज खरोखरच वाळूवर चढलं आणि तिथून डुलत डुलत झाडांमधून मागे गेलं. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत.

"सहा महिने दहा माणसं हे तपासत होती," त्या म्हणाल्या. "कोणालाच दिसलं नाही. कोणी पकडलं हे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काल घरी खेळताना दिसलं," मी म्हणालो.